फिल्मविना चित्रपटाची तालीम

थ्रेड : मॉस्को, १९१९ ते १९२९

१/
चित्रपट शिकवणारी जगातील पहिली सरकारी शाळा १९१९ साली मॉस्कोत उघडली. तिच्याकडे विद्यार्थी होते, शिक्षक होते, अभ्यासक्रमही होता. नव्हती ती फक्त फिल्म. या शाळेत घडलेल्या एका तुकडीतील तरुणांनी पुढे पाच-सहा वर्षांत मूकपटांच्या काळातील दोन गाजलेले विनोदी चित्रपट दिले. त्यांतला एक पूर्ण लांबीचा, तर दुसरा अर्ध्या तासाच्या आतला. कॅमेऱ्यात घालायला काहीही नसताना विनोदी चित्रपटाची आखणी कशी शिकली गेली, त्याची ही हकिगत.

२/
आधी फिल्मच्या दुष्काळाविषयी. रशियात त्या काळी कच्ची फिल्म तयारच होत नसे. पहिल्या महायुद्धापूर्वी ती परदेशांतून येई. आधी युद्ध, मग क्रांती, मग यादवी आणि नाकेबंदी, आवक थांबली. अनेक खासगी निर्माते आपली यंत्रे आणि उरलीसुरली फिल्म घेऊन दक्षिणेकडे आणि तेथून परदेशी निघून गेले. कच्च्या फिल्मचे देशी कारखाने उभे राहण्यास १९३० चे दशक उजाडावे लागले.

३/
या दुष्काळात फसवणुकीचा तेरावा महिनाही होता. जॅक सिब्रारियो नावाच्या मध्यस्थाकडे सोव्हिएत सरकारने परदेशातून यंत्रसामग्री आणि फिल्म आणण्याचे काम सोपवले आणि त्यासाठी दहा लाख डॉलर न्यूयॉर्कमधील बँकेत ठेवले. मॉस्कोच्या हाती त्यातून जवळजवळ काहीच लागले नाही. २७ ऑगस्ट १९१९ रोजी लेनिनच्या हुकूमनाम्याने चित्रपटउद्योगाचे राष्ट्रीयीकरण झाले, ते बऱ्याच अंशी रिकाम्या कोठारांचे.

४/
अशा वेळी शाळेत शिकवायला आला लेव्ह कुलेशोव्ह. जन्म १८९९ चा. किशोरवयातच त्याने येवगेनी बाउअर या नामवंत दिग्दर्शकाकडे नेपथ्यकार म्हणून उमेदवारी केली होती आणि १९१८ साली स्वतःचा पहिला चित्रपट दिग्दर्शित केला होता. १९२० मध्ये तो विद्यार्थ्यांसमोर उभा राहिला तेव्हा त्याचे वय होते अवघे एकवीस.

५/
त्याची तुकडी जमली तीही वेगळ्याच रीतीने. अभिनयाच्या परीक्षेत नापास झालेल्या काही विद्यार्थ्यांना फेरपरीक्षेसाठी त्याने तयार केले. त्यांच्याकडून त्याने हालचालींवर बेतलेले छोटे, चपळ प्रसंग बसवून घेतले आणि नापासांचा हा जथा परीक्षकांना चकित करून उत्तीर्ण झाला. शाळेने मग त्याला स्वतंत्र वर्ग दिला. हाच वर्ग पुढे ‘कुलेशोव्हची कार्यशाळा’ म्हणून ओळखला गेला.

६/
या कार्यशाळेतील माणसे पाहण्यासारखी होती. व्हसेवोलोद पुदोव्हकिन गुरूपेक्षा सहा वर्षांनी मोठा. भौतिक-रसायनशास्त्र शिकलेला, महायुद्धात जर्मनांचा कैदी झालेला आणि तेथून निसटून आलेला. बोरिस बार्नेट मुष्टियोद्धा. अलेक्सांद्रा खोख्लोवा ही प्रसिद्ध चित्रसंग्राहक पाव्हेल त्रेत्याकोव्ह याची नात. किडकिडीत, कोनदार अंगलटीची, तत्कालीन नायिकांच्या सौंदर्याच्या कल्पनेत कोठेही न बसणारी. शिवाय व्लादिमिर फोगेल, सेर्गेई कोमारोव्ह, लिओनिद ओबोलेन्स्की, पोर्फिरी पोदोबेद.

७/
१९२० मध्ये यांतील काहींना घेऊन कुलेशोव्ह पोलंडच्या आघाडीवर गेला आणि ‘लाल आघाडीवर’ हा छोटा चित्रपट करून आला. निगेटिव्ह फिल्म नसल्यामुळे तो पॉझिटिव्ह फिल्मवर चित्रित करावा लागला. पॉझिटिव्ह फिल्म असते ती चित्रपटगृहांसाठी प्रती काढण्याकरिता. ती प्रकाशाला मंद प्रतिसाद देते. तिच्यावर थेट चित्रण करायचे तर भरपूर उजेड हवा. म्हणजे काय दाखवायचे याच्याही आधी काय दिसू शकेल, याचा हिशेब मांडणे आले.

८/
नंतर तेवढीही फिल्म मिळेना. तेव्हा कार्यशाळेने एक नवा प्रकार काढला. त्याला त्यांनी नाव दिले ‘फिल्मविना चित्रपट’. संहिता पूर्ण लिहायची, तिचे दृश्यांत आणि दृश्यांचे शॉटमध्ये तुकडे पाडायचे, भूमिका वाटायच्या, नेपथ्य उभारायचे, तालमी करायच्या आणि अखेरीस सगळा ‘चित्रपट’ प्रेक्षकांसमोर रंगमंचावर करून दाखवायचा. फक्त कॅमेरा नाही.

९/
हे नाटक नव्हते. नाटकात प्रसंग सलग वाहतो. येथे तो मुद्दाम तोडलेला असे. पडदा उघडे, एक नेमकी हालचाल दिसे, पडदा मिटे. पुन्हा उघडे तो दुसऱ्या ठिकाणी, दुसऱ्या अंतरावरून. एका शॉटचा दुसऱ्याशी सांधा कसा जुळतो, हे प्रेक्षकाच्या डोळ्यांदेखत तपासले जाई. चित्रपटाच्या निर्मितीतला चित्रीकरण हा एक टप्पा वगळून बाकी सर्व टप्पे विद्यार्थी पुनःपुन्हा पार पाडत होते.

१०/
मराठीत ‘तालीम’ या शब्दाला दोन अर्थ आहेत. नाटकाची तालीम आणि पैलवानांची तालीम. कुलेशोव्हच्या कार्यशाळेचे वर्णन करायला याहून नेमका शब्द सापडणार नाही. तेथे कसरती, मुष्टियुद्ध, उड्या, पडण्याचे प्रकार हा अभ्यासाचाच भाग होता. चेहऱ्यावर भावना आणण्यापूर्वी अंग कह्यात आणणे आवश्यक, अशी तेथील शिस्त. हे शिक्षण १९२०-२१ च्या मॉस्कोत चालले होते, जेथे अन्न आणि सरपण दोन्हींची टंचाई होती, ही गोष्ट ध्यानात ठेवावी लागते.

११/
या शिस्तीमागे एक विचार होता. पडद्यावर शॉट काही क्षणच टिकतो. तेवढ्या अवधीत प्रेक्षकाने तो अक्षरासारखा वाचला पाहिजे. म्हणून हालचाल सुटसुटीत हवी, तिची दिशा स्पष्ट हवी. कॅमेऱ्याला दिसणारी जागा चौकोनी खोलीसारखी नसते. भिंगापाशी निमुळती आणि पुढे रुंदावत जाणारी, आडव्या पाडलेल्या मनोऱ्यासारखी असते. या जागेत काल्पनिक रेषांचे जाळे आखून नटाचा हात, मान, पाऊल कोणत्या रेषेवरून आणि किती वेळात जाईल, हे कुलेशोव्ह ठरवून देई.

१२/
विनोदाला ही पद्धत विशेष मानवली. रडण्याचा प्रसंग क्षणभर लांबला तरी चालतो. पडण्याचा प्रसंग लांबला की हसू विरते. पाय कधी घसरणार, पाहणारा कधी वळणार, टोपी कधी उडणार, यांचा क्रम चुकला तर विनोद उरतच नाही. आणि चुकलेला शॉट पुन्हा घ्यायचा तर फिल्म हवी. तेव्हा चुका होऊन जायला हव्या होत्या त्या तालमीतच. पडद्यावर ऐन वेळी घडल्यासारखी दिसणारी धांदल कागदावर आणि अंगात आधीच पक्की बसवलेली असे.

१३/
फिल्मच्या टंचाईने कुलेशोव्हला दुसरीही वाट दाखवली. जुने चित्रपट कापून नव्याने जोडण्याचे काम त्याच्याकडे होते. त्यातून त्याचे संकलनाचे प्रसिद्ध प्रयोग निघाले. इव्हान मोझुखिन या नटाचा एकच निर्विकार चेहरा वेगवेगळ्या दृश्यांशेजारी ठेवला की प्रेक्षकाला त्यात वेगवेगळे भाव दिसतात. मॉस्कोच्या रस्त्यावर चालणाऱ्या माणसांना अमेरिकेतील व्हाइट हाउसच्या दृश्याशी जोडले की दोन्ही ठिकाणे एकाच शहरात आहेत असे वाटते. शेजारी काय ठेवले, त्यावर अर्थ ठरतो.

१४/
१९२२ मध्ये जर्मनीशी रापालो येथे करार झाला, व्यापार मोकळा होऊ लागला आणि फिल्मही हळूहळू येऊ लागली. चित्रपटगृहांत परदेशी चित्रपटांची, विशेषतः अमेरिकन साहसपटांची गर्दी झाली. कुलेशोव्हला या अमेरिकन चित्रपटांचा वेग आणि नेमकेपणा भावत होता. दरम्यान कार्यशाळा शाळेबाहेर पडून स्वतंत्रपणे काम करू लागली होती. रंगभूमीवरचा एक तरुण दिग्दर्शक तेथे काही महिने शिकून गेला. त्याचे नाव सेर्गेई आयझेन्स्टाइन.

१५/
अखेर सरकारी संस्थेकडून एका पूर्ण लांबीच्या चित्रपटाची संधी मिळाली. चित्रपटाचे नाव ‘बोल्शेव्हिकांच्या देशातील मिस्टर वेस्ट यांची विलक्षण साहसे’. मूळ संहिता कवी निकोलाय असेयेव्ह याची. कार्यशाळेने, प्रामुख्याने पुदोव्हकिनने, ती आपल्या पद्धतीने नव्याने बांधली. कॅमेरा अलेक्सांद्र लेवित्स्की या अनुभवी छायालेखकाकडे. बाकी जवळजवळ सगळा डोलारा विद्यार्थ्यांवर. कार्यशाळेची ही खरी परीक्षा होती आणि या परीक्षेला फेरपरीक्षा नव्हती.

१६/
कथानक असे. अमेरिकेतील एक भोळसट पुढारी, मिस्टर वेस्ट, मॉस्कोला निघतो. बोल्शेव्हिक म्हणजे केसाळ कातडी पांघरलेले रानटी लोक, असे त्याने तिकडच्या मासिकांत पाहिलेले असते. म्हणून संरक्षणासाठी तो जेडी नावाचा काउबॉय सोबत आणतो. मॉस्कोत त्याची बॅग चोरीला जाते आणि तो झ्बान नावाच्या भामट्याच्या टोळीच्या तावडीत सापडतो. वेस्टच्या भूमिकेत पोदोबेद, काउबॉय बार्नेट, झ्बान स्वतः पुदोव्हकिन आणि टोळीतील तोतया सरदारीण खोख्लोवा.

१७/
वेस्टला लुबाडण्यासाठी ही टोळी काय करते? मासिकात पाहिलेले बोल्शेव्हिकच त्याला दाखवते. कपडे जमवते, हत्यारे जमवते, खोटे न्यायालय भरवते, भूमिका वाटून घेते आणि मोडक्या सामानातून एक भयंकर देखावा उभा करते. प्रेक्षक एकच, आणि तोच पैसे मोजणारा. नीट पाहिले तर ही टोळी म्हणजे तुटपुंज्या साधनांवर चित्रपट उभारणारी कार्यशाळाच आहे. विद्यार्थ्यांनी आपलाच धंदा भामट्यांच्या अंगावर चढवून स्वतःची थट्टा केली आहे.

१८/
याहून मोठी खोच एका छोट्या प्रसंगात आहे. भामटे वेस्टला पडके अवशेष दाखवून सांगतात की हे मॉस्को विद्यापीठ आणि हे बोल्शोय नाट्यगृह. बोल्शेव्हिकांनी सारे उद्ध्वस्त केले. वेस्ट विश्वास ठेवतो. शेवटी खरे पोलीस त्याची सुटका करतात आणि त्याला दोन्ही इमारती धडधाकट उभ्या दिसतात. अवशेष एका जागेचे, नाव दुसऱ्या जागेचे आणि त्यातून निघणारा अर्थ तिसराच. संकलनाच्या मेजावर कुलेशोव्हने जो प्रयोग केला, तोच येथे ठकबाजी म्हणून वापरला आहे. चित्रपट प्रेक्षकाला कसा बनवू शकतो, हे तो चित्रपटच हसत हसत सांगून जातो.

१९/
निर्मितीची घडी कशी बसवली होती, तेही पाहण्यासारखे आहे. माणसे थोडी म्हणून कामे एकमेकांत मिसळलेली. पुदोव्हकिन संहितेवर काम करी, नेपथ्य पाही आणि खलनायकही होई. भूमिका चेहऱ्याबरोबरच अंगच्या कौशल्यावर बेतलेल्या. मुष्टियोद्धा बार्नेट काउबॉय झाला, कारण मारामारी, दोरफेक आणि पाठलाग त्याला स्वतः करता येत होते. खोख्लोवाच्या हातापायांच्या तीक्ष्ण रेषांतून तोतया सरदारणीचे अर्कचित्र तयार झाले. मॉस्कोतील बर्फ आणि रस्ते हे तर फुकटचे नेपथ्य.

२०/
या शिस्तीची दुसरी बाजूही नोंदवली पाहिजे. दोन इमारतींमध्ये बांधलेल्या दोरावरून उंचावर पलीकडे जाण्याचे दृश्य बार्नेटला स्वतः करावे लागले. कागदावर ती एक रेषा होती. प्रत्यक्षात दोराखाली मॉस्कोचा रस्ता होता. या धोक्याच्या प्रसंगावरून बार्नेट आणि कुलेशोव्ह यांचे बिनसले आणि बार्नेटने कार्यशाळा सोडली. आखणी करणारा आणि ती अंगावर घेणारा ही माणसे वेगळी असतात, याचा विसर पडला की उत्तम नियोजनालाही तडा जातो. बार्नेट पुढे स्वतः दिग्दर्शक झाला आणि त्याचे विनोदी चित्रपट माणसांविषयीच्या मायेसाठी वाखाणले गेले.

२१/
एप्रिल १९२४ मध्ये चित्रपट प्रदर्शित झाला. त्याच्या अखेरीस बदललेला वेस्ट आपल्या पत्नीला बिनतारी संदेश धाडतो की अभ्यासिकेत लेनिनची तसबीर लाव. लेनिन त्याच वर्षी जानेवारीत वारला होता. विनोदाने लिहिलेला शेवट प्रेक्षकांपुढे आला तो वेगळ्याच वातावरणात. तरीही लोक हसले. फिल्मशिवाय शिकलेल्यांना फिल्म मिळाल्यावर काय करता येते, ते दिसले होते.

२२/
पुढचा चित्रपट ‘मृत्युकिरण’ १९२५ चा. येथे कार्यशाळेने आपल्याला येते ते सर्व एकाच चित्रपटात दाखवण्याचा हट्ट धरला. कथानक फुगले, खर्च वाढला, टीका झाली. टंचाईने लावलेली काटकसर साधने मिळताच सैल झाली, असे म्हणता येईल. पुदोव्हकिन कार्यशाळेतून बाहेर पडला आणि मेझराबपोम-रूस या चित्रपटसंस्थेत गेला. काटकसरीचा धडा मात्र त्याने सोबत नेला होता.

२३/
१० नोव्हेंबर १९२५ रोजी मॉस्कोत आंतरराष्ट्रीय बुद्धिबळ स्पर्धा सुरू झाली. जगज्जेता होझे राऊल कापाब्लांका, माजी जगज्जेता इमॅन्युएल लास्कर असे दिग्गज आले आणि शहराला बुद्धिबळाचे वेड लागले. पुदोव्हकिन तेव्हा पाव्हलोव्हच्या संशोधनावरील एका माहितीपटात गुंतला होता. ते काम थांबले असताना त्याने निकोलाय श्पिकोव्स्कीच्या साथीने एक विनोदी लघुपट करायला घेतला. त्याचे नाव ‘बुद्धिबळाचा ज्वर’.

२४/
त्याची गोष्ट साधी. नायक बुद्धिबळात इतका बुडालेला की स्वतःच्या लग्नाची वेळही विसरतो. त्याची टोपी, गळपट्टा, मोजे, सारे पटासारखे चौकड्यांचे. वैतागलेली वधू विष घ्यायला औषधाच्या दुकानात जाते, तर दुकानदारही पटावर डोळे लावून बसलेला. विषाऐवजी तिच्या हाती पडते बुद्धिबळाचे मोहरे. शेवटी तिची गाठ पडते ती थेट कापाब्लांकाशी. नायक झाला फोगेल, म्हणजे कार्यशाळेचाच विद्यार्थी. नायिका पुदोव्हकिनची पत्नी आन्ना झेम्त्सोवा.

२५/
आखणीच्या दृष्टीने हा लघुपट नमुनेदार आहे. स्पर्धा ८ डिसेंबरला संपणार होती. हुकलेला दिवस परत येणार नव्हता. म्हणून जे फक्त स्पर्धेतच मिळेल, म्हणजे खेळाडू, सभागृह, गर्दी, ते तेव्हाच टिपायचे आणि जे कोठेही करता येईल ते वेगळे चित्रित करून संकलनात जोडायचे. गर्दी उभी करण्याचा खर्च नाही, भव्य नेपथ्य नाही आणि जगज्जेता मात्र पडद्यावर हजर. छोट्या भूमिकांत चित्रपटव्यवसायातील ओळखीची माणसे. औषधाचा दुकानदार झाला ज्येष्ठ दिग्दर्शक याकोव्ह प्रोताझानोव्ह.

२६/
विनोदाची साधनेही अशीच हातची. चौकड्यांचे कापड, खिशात मावणारे पट आणि मोहरी. महाग असे काही नाही, पण एकच वस्तू जागोजागी, नेमक्या क्षणी पुढे येते म्हणून हसू फुटते. विषाची पुडी आणि मोहरे यांची अदलाबदल म्हणजे शेजारी काय ठेवले यावर अर्थ ठरतो, याच नियमाचा विनोदी अवतार. डिसेंबर १९२५ मध्ये, स्पर्धा संपून काही दिवस होतात न होतात तोच लघुपट तयार होता. त्याच महिन्यात आयझेन्स्टाइनचा ‘बॅटलशिप पोटेम्किन’ही प्रथम दाखवला गेला.

२७/
‘मृत्युकिरण’नंतर अडचणीत सापडलेल्या कुलेशोव्हनेही धडा घेतला. १९२६ चा त्याचा ‘कायद्यानुसार’ हा चित्रपट मोजकी पात्रे आणि एक लाकडी घर एवढ्यावर उभा राहिला. त्या काळातील सर्वांत स्वस्त सोव्हिएत चित्रपटांत त्याची गणना होते आणि कुलेशोव्हच्या सर्वोत्तम कामांतही. १९२९ मध्ये त्याचे चित्रपटकलेवरील पुस्तक आले, तेव्हा प्रस्तावना लिहिली ती पुदोव्हकिन, फोगेल, कोमारोव्ह आणि ओबोलेन्स्की या शिष्यांनी. आपण चित्रपट करतो, पण त्याची कला आपल्याला या माणसाने दिली, असा तिचा आशय होता.

२८/
‘मिस्टर वेस्ट’ आणि ‘बुद्धिबळाचा ज्वर’ आजही पाहता येतात. ‘लाल आघाडीवर’ हरवला आहे. आणि त्या थंड सभागृहांत पडदे उघडत-मिटत सादर केलेले ‘फिल्मविना चित्रपट’ जतन होण्याचा प्रश्नच नव्हता. चौकड्यांचा गळपट्टा घातलेला फोगेल पडद्यावर ज्या अचूकपणे वळतो, त्यात मात्र त्या तालमी अजून दिसतात.